आवाज गेले, पण लक्ष लागत नाही: सायकोसिस, बुद्धी आणि जनुकं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझा भाऊ २६ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना त्याला स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. गोळ्यांनी आवाज आणि संशय जवळजवळ गेले. पण वाचलेलं लक्षात राहत नाही, तीन कामं सांगितली तर एकच करून येतो, कुणी भरभर बोललं की गोंधळतो. बाबा म्हणतात, आता नुसता आळस उरलाय. आईच्या मामांनाही असंच काहीतरी होतं म्हणे. आयर्लंडमधला आतेभाऊ सांगत होता की तिथे गॉलवेला मानसशास्त्राचे एक प्राध्यापक सायकोसिसमधल्या, म्हणजे वास्तवाशी नातं सुटतं अशा आजारांमधल्या, बुद्धीच्या जनुकांवरच संशोधन करतात. भावाची जनुकीय चाचणी करावी का? ऑनलाइन मिळते ती चालेल का? मानसशास्त्राच्या माणसाचं जनुकांत काय काम? आणि माझं लग्न ठरतंय, माझ्या मुलांचं काय?"

आधी बाबांचा मुद्दा घेते, कारण घरात रोजची कटकट त्यावरूनच होत असणार. हा आळस नाही. वाचलेलं न टिकणं, तीनपैकी एकच काम होणं, भरभर बोलणं न पेलणं, हे तिन्ही या आजाराचाच भाग आहे आणि आवाज-संशयाइतकाच जुना भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने या आजाराचं वर्णन केलं तेव्हा तरुण वयातला बुद्धीचा ऱ्हास हेच त्याचं मुख्य लक्षण मानलं होतं. 'ऱ्हास' जरा टोकाचं होतं, पण त्याची नजर योग्य ठिकाणी होती. पुढे १९५० च्या दशकात क्लोरप्रोमझिन आलं, आवाज आणि संशय औषधाला दाद देऊ लागले, आणि जे औषधाने जातं त्याच्याकडेच सगळ्यांचं लक्ष गेलं. आजही ओपीडीत पहिला प्रश्न असतो, "आवाज येतात का?" "काल पेपरात काय वाचलंस, सांग बरं" असं विचारायला कुणाला फुरसत नसते.

१९९६ साली मायकेल ग्रीन यांनी लॉस एंजेलिसहून एक आढावा प्रसिद्ध केला. रुग्ण कामावर परततो का, स्वतःचं स्वतः निभावतो का, हे आवाज किती येतात यापेक्षा स्मरण आणि लक्ष कितपत शाबूत आहे यावर जास्त ठरतं, असा त्याचा मथितार्थ. दोन वर्षांनी हाइनरिक्स आणि झकझानिस यांनी २०४ अभ्यास एकत्र करून पाहिले. सर्वांत मोठी तफावत ऐकलेलं लक्षात ठेवण्यात निघाली. ढोबळ मानाने सांगायचं तर निरोगी माणसांची सरासरी १०० धरली तर रुग्णांची ८५ च्या आसपास येते. ही सरासरी आहे, हे विसरू नका. साधारण चौथा हिस्सा रुग्ण चाचण्यांत सर्वसामान्य मर्यादेतच असतात, आणि काही तर माझ्यापेक्षा हुशार असतात.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, टेबलापलीकडे बसून हे मोजणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मोजतात कसं ते एकदा जवळून दाखवते, म्हणजे पुढचं जनुकांचं नीट लागेल. मी बारा शब्द वाचून दाखवते, एकसारख्या संथ गतीने. त्यात तीन प्रकारचे शब्द मुद्दाम मिसळलेले असतात, समजा काही जनावरं, काही भांडी, काही दागिने. मग म्हणते, आठवतील तेवढे सांगा, क्रम कसाही चालेल. हेच तीनदा करायचं. निरोगी माणसाला दुसऱ्या वाचनापर्यंत खेळ कळतो. तो आधी सगळी जनावरं सांगून टाकतो, मग भांडी, मग दागिने. त्याला कुणी तसं सांगितलेलं नसतं, डोकं आपोआप कप्पे करतं. तुमच्या भावासारखा मुलगा बहुधा शेवटचे तीन-चार शब्द सांगतो, मग सुरुवातीचे एक-दोन, आणि थांबतो. तिसऱ्या वाचनालाही कप्पे पडत नाहीत. शब्द कानावर पडलेले असतात, पण ते ठेवायची जागा तयार झालेली नसते. 'ही यादी तीन गटांची आहे बघ' एवढं सांगितलं की पुष्कळ जणांचा आकडा लगेच वाढतो. हा फरक फार मोलाचा आहे, आणि खाली मी जे उपाय सांगणार आहे त्यांचा पाया तोच.

दुसरी चाचणी दीड मिनिटाची. वर चिन्हांची आणि अंकांची किल्ली छापलेली असते, खाली नुसती चिन्हं. प्रत्येक चिन्हाखाली त्याचा अंक लिहीत जायचं. पहिलीच्या मुलाला जमेल इतकं सोपं, आणि तरी स्किझोफ्रेनियामध्ये याच चाचणीत हमखास फरक दिसतो. बरोबर-चुकीचा प्रश्नच नसतो, सगळे अंक बरोबर असतात, फक्त थोडे असतात. प्रत्येक वेळी नजर पुन्हा किल्लीकडे जाते. भरभर बोलणाऱ्यासमोर गोंधळतो म्हणालात ना, ते हेच. समोरच्याचं वाक्य पुढे गेलेलं असतं आणि हा अजून मागच्यावर असतो.

आता हे कुठून आलं? काही अंशी आजाराच्या आधीपासून. २००८ च्या एका आढाव्यात, पुढे स्किझोफ्रेनिया झालेल्यांचा बुद्ध्यांक आजारापूर्वीही सरासरीने साधारण आठ गुणांनी कमी आढळला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारभर मुलांना तज्ज्ञ आजवर तपासत आले आहेत. त्यांच्यातल्या ज्यांना पुढे हा आजार झाला, ती लहानपणी भाषेच्या बाबतीत थोडी मागेच होती, आणि सात ते तेरा या वयात वेग आणि कार्यरत स्मृती (ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं) या बाबतींत बरोबरीच्या मुलांइतकी वाढली नाहीत. आई-बाबांना तेव्हा ते दिसत नाही. मूल पास होत असतं, शाळेतून तक्रार नसते. मग पहिल्या मोठ्या झटक्याच्या सुमारास आणखी घसरण होते आणि त्यानंतर बहुतेकांत पातळी बऱ्यापैकी स्थिर राहते. अल्झायमरसारखं दरवर्षी खाली जात राहणं हा या आजाराचा स्वभाव नाही. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेल्या मुलाकडे साठा चांगला होता, हेही त्यात धरा.

आणि काही अंशी औषधांतूनही येतं. मुख्य गोळीपेक्षा तिच्या जोडीला दिलेल्या गोळीकडे आधी बघा. हात थरथरणं, अंग आखडणं टाळायला आपल्याकडे ट्रायहेक्सिफेनिडिल सर्रास दिलं जातं आणि सुरू झालं की वर्षानुवर्षं चालूच राहतं. ते मेंदूतल्या अॅसिटिलकोलिनच्या कामात आडवं येतं, आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवायला तेच रसायन लागतं. भावाच्या पाकिटात ती गोळी असेल तर अजून गरज आहे का, कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका, अचानक थांबवली तर त्रास होतो. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं मी इतक्या वेळा पाहते की विचारल्याशिवाय पुढे जातच नाही. झोप, नैराश्य आणि गांजा हेही विचारून ठेवा, पण तिसरा प्रश्न बाबांसमोर नको.

इथून गॉलवेकडे वळते. तुमचा आतेभाऊ बहुधा गॅरी डोनोहो यांच्याबद्दल बोलत असणार. हे गॉलवे विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक. त्याआधी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मायकेल गिल आणि एडन कॉर्विन या मनोविकारतज्ज्ञांच्या गटाबरोबर त्यांनी बराच काळ काम केलं. मानसशास्त्राच्या माणसाचं जनुकांत काय काम, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत आवडला, कारण या क्षेत्राची खरी अडचण तिथेच आहे.

रक्ताच्या नळीतून डीएनए वाचणं आता स्वस्त आणि अचूक झालंय. अडतं ते दुसऱ्या टोकाला, तो डीएनए ताडून पाहायचा कशाशी? 'स्किझोफ्रेनिया आहे' किंवा 'नाही' एवढ्या हो-नाहीशी? हे निदान म्हणजे 'ताप आला' म्हणण्यासारखं आहे. मलेरियाचा ताप आणि टायफॉइडचा ताप एकाच खात्यात टाकले तर कारण कसं सापडणार? म्हणून साधारण २००० नंतर कल्पना अशी पुढे आली की निदानाऐवजी मधली एखादी मोजता येणारी गोष्ट धरावी, जशी स्मरणशक्ती. ती जनुकांच्या जास्त जवळ असेल, तिच्यामागे जनुकं थोडी असतील, आणि म्हणून ती लवकर सापडतील. आता स्मरणशक्ती नीट मोजणं हे काम कुणाचं? आमचं. बारा शब्दांची यादी चुकीच्या गतीने वाचली, किंवा सहावी शिकलेल्या शेतकऱ्याची तुलना पदवीधराशी केली, तर मागून कितीही भारी जनुकीय यंत्र लावा, उत्तर चुकीचंच येणार.

ती आशा तिच्या मूळ रूपात खोटी ठरली, हे सांगून टाकायला हवं. २००० च्या दशकात दर काही महिन्यांनी एक 'स्किझोफ्रेनियाचं जनुक' गाजायचं. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबातून डिस्क१ आलं, आयर्लंडच्या कुटुंबांवरून २००२ मध्ये डिसबिंडिन आलं, सीओएमटी तर जिकडेतिकडे. नमुने शे-दोनशेचे असायचे. एका शहरात सापडलेलं दुसऱ्यात सापडत नव्हतं. हजारो रुग्णांचा सगळा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, एकदम चाळायची पद्धत आली तेव्हा यांतली बहुतेक नावं मागे पडली. आजही काही पाठ्यपुस्तकांत आणि कोचिंगच्या नोट्समध्ये सीओएमटी 'बुद्धीचं जनुक' म्हणून शिकवलं जातं, ते वाचून माझी चिडचिड होते.

नव्या पद्धतीतून आलेल्या पहिल्या भरवशाच्या नावांपैकी एक म्हणजे झेडएनएफ८०४ए, २००८ सालचं. आणि इथेच डोनोहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम मला सर्वांत लक्षवेधी वाटतं. कार्डिफचे जेम्स वॉल्टर्स, डब्लिनचा हा गट आणि जर्मनीतला एक गट यांनी २०१० मध्ये एक निष्कर्ष मांडला. आयर्लंडचे सुमारे ३०० आणि जर्मनीचे सुमारे २५० रुग्ण, शिवाय तुलनेला निरोगी माणसं. सर्वांच्या स्मरणाच्या चाचण्या झालेल्या. अपेक्षा सरळ होती. या जनुकाची धोक्याची आवृत्ती ज्यांच्याकडे आहे, त्यांची स्मरणशक्ती जास्त वाईट निघायला हवी. निघालं उलटं. धोक्याची आवृत्ती बाळगणाऱ्या रुग्णांचं स्मरण इतर रुग्णांपेक्षा बरं होतं. कमी बुद्ध्यांकाचे रुग्ण वगळून हिशेब केला, तर या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध आणखी ठळक झाला.

याचा अर्थ 'धोक्याचं जनुक हुशार करतं' असा नाही. अर्थ असा की या आजारापर्यंत पोचायच्या वाटा अनेक आहेत. काही वाटा बुद्धीच्या घसरणीतून जातात, काही ती फारशी न बिघडवता तिथेच पोचतात. हे जनुक दुसऱ्या वाटेवरच्या लोकांत जास्त सापडतं. परिणाम छोटा होता आणि नंतरच्या सगळ्या नमुन्यांत तो तितकाच ठसठशीत दिसला नाही, पण विचाराची दिशा त्याने बदलली. 'आजाराचं जनुक' आणि 'बुद्धी बिघडवणारं जनुक' या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

मोठ्या आकड्यांनी पुढे हेच दाखवलं. २०१४ मध्ये जगभरातल्या सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासात आजाराशी जोडलेल्या, जीनोमवरच्या १०८ जागा सापडल्या. २०२२ मध्ये रुग्ण ७६,७५५ झाले आणि जागा २८७. बुद्धिमत्तेचा असाच अभ्यास २०१८ मध्ये २,६९,८६७ लोकांवर झाला, त्यात २०५ जागा. म्हणजे स्मरणशक्तीमागे मोजकीच जनुकं असतील ही अपेक्षा साफ फोल ठरली, तिथेही शेकडोच. मग या दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर? त्यांच्यातला जनुकीय सहसंबंध साधारण उणे ०.२ येतो. संबंध आहे, उलट दिशेचा आहे, पण क्षीण आहे. आजाराचा बराचसा जनुकीय वारसा बुद्धीच्या वारशाला न शिवता जातो.

डोनोहो यांच्या गटाचं पुढचं काम रोगप्रतिकारशक्तीच्या बाजूने गेलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या गटाने सी४ नावाच्या जनुकाचा उलगडा केला. ते प्रतिकारयंत्रणेतलं. वाढत्या वयात मेंदू पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या छाटतो, त्या छाटणीत ते भाग घेतं, आणि ते जास्त जोरात चालत असेल तर स्किझोफ्रेनियाचा धोका वाढतो. दोन वर्षांनी गॉलवेच्या गटाने हे स्मरणाशी जोडून पाहिलं. ज्यांच्या डीएनएवरून सी४ए (सी४चाच एक प्रकार) जास्त बनत असेल असा अंदाज निघतो, त्यांना आठवणीच्या चाचण्यांत कमी गुण मिळतात. हे रुग्णांत आणि निरोगी माणसांतही दिसलं. मग लहानपणीचे आघात, रक्तातला दाहाचा घटक आयएल-६, मेंदूच्या जोडण्या आणि बुद्धीचं काम यांची एक साखळी लागते का, हेही ते तपासत आले आहेत. हे मला पटतं, कारण माझ्यासमोर येणाऱ्या मुलांच्या इतिहासात जनुकं आणि घरातली मारहाण अशी दोन वेगळी पानं कधी नसतात.

मग भावाची चाचणी करायची का? ऑनलाइन मिळणारी, थुंकी पाठवून रंगीत रिपोर्ट आणणारी, अजिबात नाही. आनुवंशिकता ऐंशी टक्के असं कुठेतरी वाचलं असेल तुम्ही. आकडा खरा आहे, पण तो माणसामाणसांतल्या फरकाबद्दलचा आहे, एका माणसाच्या नशिबाबद्दलचा नाही. डेन्मार्कच्या जुळ्यांच्या नोंदींवरून २०१८ मध्ये आनुवंशिकता ७९ टक्के निघाली. त्याच अभ्यासात हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आजार असताना दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण ३३ टक्के होतं. डीएनए अगदी तोच, आणि तरी तिघांतले दोघे सुटले. शेकडो जागांची बेरीज करून जो 'धोक्याचा गुणांक' काढतात, तो आजार होण्याच्या कलात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सरासरीने जेमतेम सात टक्के भाग आज सांगतो. भावाच्या बाबतीत तर आजार आहेच, तो आहे का हे कुणाला विचारायचंय? आणि त्याचं स्मरण कसं आहे हे डीएनएपेक्षा माझी बारा शब्दांची यादी कितीतरी चांगलं सांगते.

त्यात आपली वेगळी अडचण. हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बनवलेले आहेत, आपल्यावर ते आणखी ढिले बसतात. भारतीय रुग्णांचा संपूर्ण जीनोम चाळणारा अभ्यास २०१९ मध्ये चेन्नई आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या गटांनी मिळून प्रसिद्ध केला. त्यात नियासिनच्या, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी संबंधित एक जागा पुढे आली. उत्सुकता वाटावी असं आहे, पण म्हणून भावाला नियासिनच्या गोळ्या सुरू करू नका. बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्थाही एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन केंद्रासोबत ज्या कुटुंबांत एकाहून जास्त जणांना गंभीर मनोविकार आहेत अशांचा दीर्घकालीन अभ्यास करतं. आईच्या मामांचं निदान खरोखर काय होतं हे जुन्या कागदांवरून कळलं, तर तिथे चौकशी करायला हरकत नाही. तसे अभ्यास विज्ञानासाठी असतात, घरी रिपोर्ट देण्यासाठी नसतात, एवढं मनाशी ठेवून जा. गॉलवेला भावाची फाइल मेल करू का, असं मनात आलं असेल तर त्यालाही हेच उत्तर.

एक अपवाद मात्र नीट वाचा. काही थोड्या रुग्णांत एकच मोठा जनुकीय बदल कारणीभूत असतो. सर्वांत माहितीतला म्हणजे बाविसाव्या गुणसूत्रातला एक छोटा तुकडा गहाळ असणं. तो गहाळ असलेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शाला पुढे सायकोसिस होतो, आणि त्यांच्यात बुद्ध्यांकाची घसरण सायकोसिसच्या आधी काही वर्षं सुरू झालेली असते, असं २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. ओळखायच्या खुणा घरातच मिळतात: जन्मजात हृदयदोष, टाळू फाटलेली किंवा बोलणं नाकातून, रक्तात कॅल्शियम कमी, आकडी, चालणं-बोलणं उशिरा, शाळेत पहिल्यापासून फार मागे. यांतलं काही भावाला असेल तर डॉक्टरांना सांगा. अशा वेळी क्रोमोसोमल मायक्रोअॅरे ही, गुणसूत्रांतले गहाळ किंवा जादा तुकडे शोधणारी, तपासणी करण्यात अर्थ आहे, तीही जनुकतज्ज्ञाच्या सल्ल्याने. निष्कर्ष सापडला तर हृदय, कॅल्शियम, औषधांची निवड, भावंडांचा सल्ला, सगळ्याला उपयोग होतो. यांतलं काहीच नसेल तर ते पैसे पुढच्या गोष्टीसाठी ठेवा.

तुमच्या लग्नाचं. सख्ख्या भावाला आजार असताना तुम्हाला स्वतःला तो होण्याची शक्यता नऊ-दहा टक्के मानली जाते, पण तुम्ही वयाचा धोक्याचा काळ बराचसा ओलांडला असेल तर त्याहून कमी. तुमच्या मुलांसाठी तो मामा. भाचे-भाच्यांचा धोका जुन्या कौटुंबिक अभ्यासांत चार टक्क्यांच्या आसपास दिसतो, सर्वसाधारण लोकांत एक टक्का. म्हणजे शंभरातली शहाण्णव मुलं सुखरूप. स्थळ आईच्या माहेरच्या नात्यातलं असेल, मामाच्या मुलाशी वगैरे, तर मात्र हिशेब बदलतो, कारण तोच वारसा दोन्हीकडून येऊ शकतो. तसं असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या. सासरी सांगावं का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात असणारच. मुलाला लग्नाआधी सांगावं असं माझं मत आहे. नंतर कळलं की आजारापेक्षा लपवण्याचंच जास्त मोठं होतं.

आता भावाचं. बुद्धीच्या या भागासाठी मान्य गोळी आजमितीला नाही. आयक्लेपर्टिन नावाच्या औषधावर मोठी आशा होती, जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांत ते खरं उतरलं नाही. जे चालतं ते कष्टाचं आहे. त्याला कॉग्निटिव्ह रेमेडिएशन म्हणतात, म्हणजे स्मरण, लक्ष यांचं सरावाने दिलेलं प्रशिक्षण. २०२१ मध्ये १३० अभ्यास आणि त्यांतले ८,८५१ रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा बुद्धीच्या कामात आणि रोजच्या जगण्यात छोटा पण खरा फायदा दिसला. तो कुठे जास्त होतो हेही कळलं: समोर शिकवणारा माणूस असेल, सराव भरपूर असेल, युक्त्या शिकवल्या जात असतील, आणि त्या युक्त्या खऱ्या आयुष्यात वापरून घेतल्या जात असतील तिथे. मोबाइलवरचा 'ब्रेन गेम' देऊन मुलाला खोलीत बसवलं तर तो त्या गेममध्ये पटाईत होतो, बस्स. गॉलवेच्या गटानेही अलीकडे हीच जोड करून पाहिली आहे. आजाराच्या पहिल्या काही वर्षांतल्या तरुण रुग्णांसाठी बुद्धीचं प्रशिक्षण आणि माणसांत परतण्यासाठीची मदत एकत्र. जनुकांपासून सुरुवात करणारा माणूस अखेर इथे येतो, यात मला तरी नवल वाटत नाही.

युक्ती म्हणजे काय, ते यादीवरूनच सांगते. भाऊ किराणा आणायला जातो तेव्हा नऊ वस्तू तोंडी सांगू नका. त्यालाच लिहायला सांगा, आणि लिहिताना गट करायला सांगा: डाळी एकत्र, साबणं एकत्र, फ्रिजमधलं एकत्र. सुरुवातीला गट तुम्ही सुचवाल, महिन्याभराने तो स्वतः करेल. काम एका वेळी एक, आणि सांगितल्यावर 'काय करणार आहेस?' असं विचारून त्याच्याच तोंडून ऐकायचं. बाबांना हे उलटतपासणीसारखं न करता जमलं तर बघा, नाहीतर ते काम तुम्हीच घ्या. रोज घाम येईपर्यंत चालणं किंवा सायकल हीसुद्धा यात धरा. श्वास फुलवणाऱ्या व्यायामाने या रुग्णांच्या बुद्धीच्या चाचण्या सुधारतात, याला २०१७ च्या एका एकत्रित आढाव्याचा आधार आहे.

शिक्षण सोडल्याचं त्याला टोचत असेल. लगेच पूर्ण अभ्यासक्रमात ढकलू नका, एक विषय घेऊन बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनोविकार येतो. प्रमाणपत्र काढलंत तर विद्यापीठाकडे परीक्षेत जादा वेळ मागता येतो, आणि वेग कमी असलेल्या मुलाला नेमका तोच हवा असतो. पुण्याच्या जवळपास असाल तर स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे 'सा'च्या शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारे घरचे) गटात एकदा बाबांना घेऊन जा. आळसाबद्दल माझं म्हणणं ते ऐकतील न ऐकतील, दुसऱ्या एखाद्या शुभार्थीच्या, म्हणजे रुग्णाच्या, वडिलांचं ऐकतील. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस हेल्पलाइन १४४१६.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ट्रायहेक्सिफेनिडिल कमी करता येईल का, बी-१२ आणि थायरॉइड कधी करायचं, आणि न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंगसाठी, म्हणजे वर सांगितल्या तशा चाचण्यांसाठी, कुणाकडे पाठवतील. टेस्टिंग करणाऱ्याला तुलनेसाठी भारतीय आकडे वापरणार का, ते विचारायला लाजू नका. निम्हान्सची २००४ ची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, वय आणि शिक्षणाप्रमाणे आकडे देते. अमेरिकेच्या कोष्टकावर ताडलं तर भाऊ आहे त्यापेक्षा वाईट दिसेल. त्या दिवशी चष्मा न्या, आदल्या रात्री झोप होऊ द्या, सकाळची गोळी नेहमीच्याच वेळी द्या. गोळी देऊन येणारे गुणच आपल्याला हवे आहेत, कारण तो जगतो तो त्या गोळीसहच.